बडबडीचे निरोप

नवऱ्यानं चष्मा कपाळावरून खाली ओढला, फोन नाकासमोर धरला, घसा खाकरला आणि कधी आलाच नव्हता तो निरोप वाचायला सुरुवात केली.

"'दुसरा डोस झाला गं. काही त्रास नाही. भूक चांगली लागते. तूही घेऊन टाक.'"

जन्मभर बसमध्ये 'पुढे सरका' ओरडलेला माणूस; हळू वाचणं त्याला ठाऊकच नव्हतं. फोनवर खरं तर चपलांच्या सेलची जाहिरात होती.

बायको खिडकीशी बसून एका सदऱ्याच्या कोपरावरचं भोक बोटांनी चाचपत होती. ती रफू करायची, आणि अशी करायची की गिऱ्हाईक भोक कुठं होतं ते शोधत बसायचं. काम आता सुटलं होतं, पण सवयीनं सुई अजून हातात असायची. वर्षभरापूर्वी आठ दिवसांत तिचा डावा डोळा गेला. शरीर आपल्याच नसांवर उलटतं, डोळ्यांच्या नि मणक्याच्या नसा सुजतात, असा लाखात एखाद्याला होणारा आजार. उजव्या डोळ्याला फक्त उजेड आणि माणसांच्या सावल्या कळत. पुढच्या झटक्यात तेही जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. जुन्या गोळ्यांना आजार दाद देत नव्हता. सलाइनमधून द्यायचं एक नवं औषध होतं. ते झटके थोपवायचं, पण अंगातली प्रतिकारशक्तीही पाडायचं. मग साधा खोकलाही महागात पडू शकत होता. संमतीचा कागद उद्या सकाळी द्यायचा होता.

या आजाराच्या माणसांचा फोनवर एक गट होता, बेचाळीस जणांचा. डॉक्टर दहा मिनिटं देत, गट दिवसभर बोलत असे. कोणी कुठलं औषध घेतलं आणि पुढं काय झालं, ते नवरा वहीत रकाने पाडून लिहून ठेवायचा. त्या गटातली एक बाई बायकोची जिवाभावाची मैत्रीण झाली. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. निरोप एवढाले लांब, की नवऱ्यानंच तिचं नाव बडबडी ठेवलं. औषधाबद्दल दोन ओळी आणि जावेबद्दल वीस. जाऊ डबा झाकत नाही, जाऊ दार आपटते, जाऊ मेली वाईटावर टपलेली. हसून हसून बायकोच्या हातातली सुई पडायची. दोघींचं ठरलं होतं: नवं औषध आधी बडबडी घेईल, ती तरली की ही.

बडबडी तरली नाही. दुसऱ्या डोसनंतर छातीत जंतुसंसर्ग झाला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. अकरा दिवसांपूर्वी गटावर ते आलं तेव्हा नवरा डेपोत होता. त्यानं तिथल्या नळाखाली डोकं धरलं. हिला कळलं तर ही औषध घेणार नाही, आणि उरलासुरला डोळाही जाईल, एवढंच त्याच्या मनानं घेतलं. वहीतले दुसरे नऊ जण त्याच औषधावर ठणठणीत होते. पण ते नऊ हिचे कोणी नव्हते.

"एवढंच?" बायकोनं विचारलं.

"एवढंच."

"जावेचं काही नाही?"

नवऱ्याचा अंगठा थबकला. "नाही. सुधारली असेल."

"अकरा दिवसांत?"

बायकोनं सदरा बाजूला ठेवला.

"अहो, गेल्या मंगळवारी तुम्ही दूध आणायला खाली गेला होतात. फोन इथंच चार्जिंगला होता. वाजला, वाजतच राहिला. मी सगळ्या काचेवर बोट फिरवलं, कुठंतरी लागलं. जाऊ होती तिची."

नवऱ्यानं फोन मांडीवर पालथा ठेवला.

"रडत होती. रडता रडता विचारते, 'ती माझ्याबद्दल काही बोलायची का हो?'"

"मग?"

"म्हटलं, फार कौतुक करायची. म्हणायची, जाऊ आहे म्हणून मी उभी आहे."

"मला का नाही बोललीस?" नवऱ्याचा आवाज पहिल्यांदाच हळू निघाला.

"काय बोलू? खोटं वाचताय ते लगेच कळलं. पण तुम्ही वाचत होतात तेवढा वेळ ती होती हो."

तिनं मनगटानं डोळे पुसले. गेलेला डोळाही उरलेल्याइतकाच वाहत होता.

"मी भ्यालो गं."

"मी काय वाघीण आहे? मीही भ्यालेच आहे." तिनं टेबलावर हात फिरवून कागद शोधला. "सही कुठं करायची? बोट टेकवा."

"अजून विचार कर. आता मी काही म्हणणार नाही."

"इतके दिवस दुसरं काय केलं? टेकवा बोट."

त्यानं तिचं बोट रेघेवर ठेवलं. सही वाकडी आली, रेघेखाली घसरली, पण पुरी झाली.

"वहीत तिच्यापुढं काय लिहिलंत?"

"काही नाही. जागा मोकळीच आहे." खोटं वाचणं जमलं होतं, लिहिणं जमलं नव्हतं.

"खरं ते लिहा. आपल्यालाही कोणी विचारेल. आणि तिच्याखाली मला घाला."

नवऱ्यानं लिहिलं. दोन ओळींना त्याला फार वेळ लागला. बायकोनं सदरा पुन्हा मांडीवर ओढला.

"आता तो आजचा निरोप परत वाचा. नीट वाचा. जावेला चार शिव्या घाला."

नवऱ्यानं फोन उचलला. पडदा केव्हाच काळा झाला होता. त्यानं घसा खाकरला.

"'अगं, ऐकलंस का? मेलीनं आज पुन्हा डबा उघडा टाकला...'"

बायको हसली आणि तिच्या हातातली सुई पडली. ती शोधायला दोघंही खाली वाकले, आणि बराच वेळ कोणीच वर आलं नाही.