शनिवारच्या फोटोतला ग्लास

मी ग्लास बोलतोय. जड बुडाचा, अंगावर नक्षी कापलेला, भिंगारच्या मच्छिंद्रच्या घरातला. लोक मला दारूचा ग्लास म्हणतात. म्हणोत बापडे! मला आणलं होतं सरबतासाठी.

रतनबाईंनी, म्हणजे मच्छिंद्रच्या बायकोनं, आम्हा सहा भावंडांना भिंगारच्या जुन्या बाजारातून घेतलं. दुकानदार चांदभाईंनी मला नखानं टिचकी मारून माझा आवाज ऐकवला होता. "भाभी, खणखणीत माल हाय. पोरीच्या लग्नापर्यंत टिकंल," असं ते म्हणाले. पोरीचं, पूजाचं, लग्न झालं तोवर माझी पाच भावंडं फुटली होती. उरलो मी एकटा. सरबत माझ्या नशिबी चार-दोनदाच आलं, कारण मच्छिंद्रनं मला बघितलं आणि आपल्या बैठकीला लावलं.

मच्छिंद्र लष्कराच्या डेपोत कारकून होता. निवृत्त झाला आणि माणूस एकदम रिकामा पडला. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी कुणी विचारत नाही. त्याला तारलं ते मोबाईलवरच्या एका ग्रुपनं. ग्रुपचं नाव 'आजचा पेग'. दर शनिवारी दिवेलागणीला प्रत्येकानं आपापल्या ग्लासाचा फोटो टाकायचा आणि आज काय घेतोय ते लिहायचं. नुसतं नाव लिहून भागत नाही. वास कसा, चव कशी, घशाखाली उतरल्यावर मागं काय रेंगाळतं, सगळं लिहायचं. ज्यानं जन्मात जर्दाळू चाखला नसेल तोही 'जर्दाळूचा वास' असं बिनदिक्कत लिहायचा. मी कपाटाच्या काचेतून हे ऐकायचो आणि मनातल्या मनात हसायचो.

या मंडळींचे म्होरके सावेडीचे छगनराव. मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान, पण व्हिस्कीच्या बाबतीत नाकानं कांदे सोलणारा माणूस. त्यांचा स्वतःचा एक ग्लास आहे, पोटाला फुगीर आणि तोंडाला निमुळता. छगनराव तो पांढऱ्या रुमालात गुंडाळून सोबत नेतात. त्यात व्हिस्कीशिवाय काही ओतू देत नाहीत, बर्फसुद्धा नाही. माझी जात वेगळी, मला कशाचंच वावडं नाही. पण खरं सांगतो, मच्छिंद्र आजारी पडला तर डबा घेऊन पहिले धावणारे छगनरावच.

आणि मच्छिंद्र आजारी पडला. गेल्या दिवाळीआधी एका सकाळी मोरीत त्याला रक्ताची उलटी झाली. रतनबाईंची किंकाळी मी कपाटात ऐकली. दवाखान्यातून तो परतला तेव्हा गालफडं बसली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "लिव्हर गेल्यात जमा आहे. आता एक पेग घेतलात, तर पुढच्या वेळी तुम्हाला वाचवणं माझ्या हातात नाही."

ग्रुपवर मात्र त्यानं मुतखडा झाल्याचं कळवलं. लगेच सल्ले आले की मुतखड्याला बियर चांगली.

घरी आल्यावरच्या पहिल्या शनिवारी तो मोबाईल हातात धरून नुसता बसला होता. एकेक फोटो येत होता. "मच्छिंद्रा, तुझं काय?" छगनरावांनी विचारलं. उत्तर द्यायला त्याचा अंगठा हलेना. तेव्हा रतनबाई उठल्या, कोरा चहा उकळला, गाळून गार केला आणि माझ्यात ओतला.

"घ्या. रंग तर त्योच हाय," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून दर शनिवारी माझ्यात चहा आणि मोबाईलवर व्हिस्की. मच्छिंद्र जुन्या आठवणीवर चव लिहायचा आणि लोक वाहवा करायचे. मला बरं वाटायचं. पोटात विष नाही आणि दोस्तही तुटले नाहीत. रतनबाई अधूनमधून म्हणायच्या, "सांगून टाका की त्यांना एकदा." त्यावर त्याचं एकच उत्तर, "सांगितल्यावर कोन बोलवील मला? बैठकीत न पिणारा म्हंजी लग्नात सुतक आल्यावानी." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तसं चाललं होतं.

ती मूठ उघडली एका बर्फाच्या खड्यानं.

त्या शनिवारी रतनबाई शेजारणीशी बोलत राहिल्या आणि चहा फार उकळला. चांगला काळाकुट्ट झाला. मच्छिंद्रनं फोटो झकास यावा म्हणून बर्फ टाकला. कडक चहाला गारठा सोसत नाही. बघता बघता माझ्या पोटात धुकं दाटलं. त्याच्या लक्षात आलं नाही आणि फोटो गेला.

छगनरावांनी तो मोठा करून बघितला असणार. काही उंची व्हिस्की बर्फ पडताच अशीच धुरकट होते. कंपनीनं ती गारठवून गाळलेली नसते म्हणून. हे त्यांना माहीत होतं, आणि इथंच शहाणा माणूस फसला. त्यांनी लिहिलं, "मच्छिंद्रा, लेका, ही साधी न्हाई! बघा रे, बर्फानं धूर धरला. कुठनं आणली?"

मग काय, ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस. आयुष्यात पहिल्यांदा त्या मंडळींत मच्छिंद्रचा मान झाला होता. त्याला मोह आवरला नाही. "भाच्यानं परदेशातनं आणलीय. संपत आली," त्यानं लिहिलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

"थेंबभर ठेव. पुढल्या शनिवारी मी आन् आप्पासाहेब येतो," छगनरावांचं उत्तर आलं. आप्पासाहेब म्हणजे एस.टी.तले निवृत्त कंट्रोलर, दोघांचा जुना मित्र. मच्छिंद्रच्या तोंडचं पाणी पळालं.

तीन-चार दिवस त्यानं घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. मग स्कूटर काढून गेला आणि एक महागडी परदेशी बाटली घेऊन आला. पाहुण्यांना बाटलीतली द्यायची आणि स्वतःचा ग्लास स्वयंपाकघरातून चहानं भरून आणायचा, असा त्याचा बेत. ती बाटली त्यानं माझ्याच कपाटात, माझ्या शेजारी ठेवली.

त्या रात्रीपासून मला चैन नव्हतं. मच्छिंद्र येता-जाता कपाटापाशी थांबायचा. कधी दार उघडायचा, बाटलीकडं बघायचा, पुन्हा लावायचा. एकदा त्यानं हात घातला तो थेट माझ्यावर. माझं काळीज, ग्लासाला जे काय असतं ते, लककन हललं. पण तेवढ्यात आतून रतनबाई खोकल्या आणि त्यानं हात काढून घेतला.

शनिवारी दुपारी अवघड काम आलं. बाटली 'संपत आलेली' दिसायला हवी होती, म्हणून तो ती मोरीत ओतायला बसला. मी ओट्यावर धुऊन पालथा होतो. वास घरभर सुटला. मच्छिंद्रच्या कपाळावर घाम होता. ओतता ओतता एक थेंब त्याच्या अंगठ्यावर सांडला. तो त्या अंगठ्याकडं बघत राहिला. दारात रतनबाई उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. त्यानं अंगठा पायजम्याला पुसला आणि नळ सोडला.

दिवेलागणीला मंडळी गच्चीवर बसली. चिवडा, खारे शेंगदाणे, बर्फाचं भांडं. छगनरावांनी रुमाल सोडून आपला ग्लास काढला, आप्पासाहेबांना घरातला स्टीलचा पेला मिळाला. दोघांना बाटलीतली ओतून झाल्यावर मच्छिंद्र मला खालून घेऊन आला, चहानं भरलेला. पाहुण्यांच्या धांदलीत रतनबाईंच्या हातून तो पुन्हा कडक झाला होता. मला ते कळत होतं, पण ग्लासानं ओरडायचं कसं?

"आरं, बर्फ तरी घे की!" आप्पासाहेबांनी प्रेमानं दोन खडे माझ्यात सोडले.

धुकं चढायला लागलं. छगनरावांनी आप्पासाहेबांच्या पेल्यात बर्फ टाकून बघितला. तिथली दारू स्वच्छ राहिली, पेल्याचा तळ दिसत होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मच्छिंद्रकडं, आणि मोठ्यानं हसले.

"आसं व्हय! आमाला ही दुकानातली, आन् सोताला भाच्याची? लई बेरकी हायेस गड्या!" त्यांनी मला झटकन उचललं आणि घोट घेतला.

हसू तोंडावरच राहिलं. त्यांनी दुसरा घोट घेतला, जिभेवर घोळवला.

"चहा हाय हा," ते म्हणाले.

"चेष्टा... चेष्टा केली जरा," मच्छिंद्र कसाबसा बोलला.

"मग पुरं झाली चेष्टा." छगनरावांनी चहा कुंडीत फेकला, बाटली तिरकी केली आणि मला अर्धा भरलं. "घे. आमच्याबरूबर घे."

मच्छिंद्रनं मला हातात घेतलं. इतक्या महिन्यांनी माझ्यात खरी दारू होती आणि मला तिची शिसारी आली. त्याचा हात वर गेला. त्याचा श्वास माझ्या काठावर आला, गरम आणि अडखळता. ओठ टेकले. मी देवाला म्हणालो, मला आत्ता फोड.

फुटलो नाही. मच्छिंद्रनं मला खाली ठेवलं आणि माझ्या तोंडावर तळहात झाकला. तो हात थरथरत होता.

"मुतखडा नव्हता, छगनराव. रक्ताची उलटी झाल्ती. परत घेतली तर मी मरतो."

आप्पासाहेबांनी पेला बाजूला सारला. छगनराव मात्र लाल झाले होते.

"दवाखान्यात मी तुझ्या उशाशी बसलो, मच्छिंद्रा. आन् मला मुतखडा सांगितला? मी तुला दारूसाठी इचारतो व्हय?" त्यांनी मला उचलून आतली दारू गच्चीबाहेर फेकली आणि मला कठड्यावर असं आपटलं की माझ्या काठाचा टवका उडाला. मग आपला ग्लास न पुसताच रुमालात गुंडाळला आणि जिना उतरून गेले. मागोमाग उरलेली बाटली काखेला मारून आप्पासाहेबही गेले.

पुढचा आठवडा मोबाईल मुका होता. शनिवार उजाडला, मावळला. ग्रुपवर फोटो यायला लागले. मच्छिंद्रनं मला मागितलं नाही. मोबाईल पालथा घालून तो भिंतीकडं तोंड करून बसला. मला त्याची भीती वाटली. एकटा पडलेला माणूस कुठल्या दुकानाकडं वळतो ते मी चांगलं जाणतो.

दारावर थाप पडली. छगनराव होते. आत आले, मच्छिंद्रकडं बघितलंही नाही. सरळ कपाट उघडून मला काढलं, आणि शेजारी रुमाल सोडून आपला फुगीर ग्लास ठेवला.

"वहिनी, चहा टाका. जरा पातळ करा, न्हाई तर गढूळ व्हतोय. दोघांचा टाका."

रतनबाईंनी चहा आणला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. ज्या ग्लासात बर्फाला मज्जाव, त्यात भिंगारचा कोरा चहा पडला. छगनरावांनी तो नाकाखाली धरला, डोळे मिटून हुंगला आणि म्हणाले, "लिही आता. खरं लिही."

मच्छिंद्रनं आमच्या दोघांचा फोटो काढला. 'आज कोरा चहा. माझी कायमची बंद हाय,' असं लिहून तो थांबला.

"पाठीव," छगनराव म्हणाले. त्यानं पाठवलं.

ग्रुपवरचे दोन-चार जण त्यानंतर त्याच्याशी बोलेनासे झाले. बाकीचे आहेत. छगनराव आता सावेडीहून दर शनिवारी येतात. टवका उडालेला काठ रतनबाई पलीकडं वळवून ठेवतात, म्हणजे मच्छिंद्रच्या ओठाला लागणार नाही. चहात कधीमधी लिंबू पिळतात, तेव्हा मला माझं सरबत आठवतं.

तुमच्याही घरी बैठका होत असतील. माझं एवढंच मागणं आहे. कुणी माझ्यासारख्या ग्लासाच्या तोंडावर तळहात ठेवला, तर तो हात हसत हसत बाजूला सारू नका. मी त्या हाताखाली होतो. तो किती थरथरतो ते वरून दिसत नाही.