पोकळ थप्पी

"कॅमेऱ्यात मी नाई दिसत ना?" तेजरामनं दाराआडून तिसऱ्यांदा विचारलं.

"नाई दिसत, बाबा. पन आवाज जाते. चूप बसा," दीपमाला म्हणाली आणि धानाच्या कोठीला टेकवलेला मोबाइल पुन्हा सरळ केला.

मुलाखत लेकीची, पण इस्त्रीचा सदरा बापानंही घातला होता. दिसायचं नव्हतं तरी. हौस, दुसरं काय! नागपूरची ती कंपनी बड्या धंद्यांना जोखमीबाबत सल्ला द्यायची. कागदावर लिहिलेला माल गोदामात खरोखर आहे की नाही, हे पाहायला तिला माणसं हवी होती. तुमसर भागात राइस मिलांची गोदामं ढीगभर, म्हणून इकडच्याच मुलामुलींना बोलावलं होतं. लेखी परीक्षा झाली, गटचर्चा झाली. साठांतून चौघं उरली, त्यांत दीपमाला एक. ही नोकरी लागली की आईचं मजुरीसाठी लोकांच्या शेतात चिखलात उतरणं सुटणार होतं.

आई, धुरपता, आजही धान कापायला गेली होती. नऊ वर्षं घर तिच्याच हातावर चाललं होतं, कारण तेजरामची कंबर गेली होती. मिलमध्ये वीस वर्षं हमाली केलेला गडी एके दिवशी कंबर धरून घरी आला, तो बसलाच. तेव्हापासून बकऱ्या राखायच्या आणि बायकोचे टोमणे ऐकायचे, एवढंच त्याचं काम. आज सकाळीच ऑटोवाल्यानं धुरपताच्या मजुरीचं धानाचं पोतं दारापुढच्या छपरीत टाकलं होतं. "तुमी हात नोका लावू, कंबर मोडंल," असं म्हणून ती गेली. संध्याकाळी मायलेकी ते ओढत आत नेणार होत्या.

मोबाइलवर चष्म्यातल्या एक बाई आल्या. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर म्हणाल्या, "गोदामात पाच हजार पोती लिहिली आहेत. तुमच्याकडे अर्धा तास आहे. काय कराल?"

दीपमालानं रजिस्टर, पावत्या, वजनकाटा असं पाठ केलेलं सगळं सांगितलं. बाई मान डोलावत होत्या, पण नजर घड्याळाकडे होती. हेच त्यांनी सकाळपासून तीनदा ऐकलं असणार. दाराआड तेजराम खाकरला. तशी तिला काल बाबांनी अंगणात विटा मांडून दाखवलेलं आठवलं.

"आणि मॅडम, पोत्यांची रचलेली थप्पी बघीन. भरीव थप्पीत एका थराला पोती उभी, दुसऱ्याला आडवी लावतात. म्हणून दर दुसऱ्या थरात पोत्यांची तोंडं दिसतात. नुसत्या लांब बाजूच दिसल्या, तर चारी अंगांनी भिंत रचली आहे आणि आत काही नाही असं समजायचं. मग वर चढून मधोमध चालीन. पोकळीवर फळ्या टाकलेल्या असतात. ते पायाला कळतं."

बाई घड्याळ विसरल्या. "हे कुठे शिकलात?"

"बाबांकडून. ते हमाल होते."

"पण हे इतकं बारीक तर रचणाऱ्यालाच माहीत असतं."

काल विटा बघताना हे दीपमालाच्या मनातही आलं नव्हतं. कुठंतरी ऐकलं असेल, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. त्यासाठी तिनं तोंड उघडलंही, तेवढ्यात दार करकरलं आणि इस्त्रीचा सदरा कॅमेऱ्यात आला.

"मीच रचलो होतो, मॅडम. एक डाव. मालकानं सांगतलन, रचलो. दुसऱ्या डावा सांगतलन तं नाई म्हनलो अन् घरी आलो. पोरीले यातलं काई ठाऊक नाई. तिले दोष नोका देऊ."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"संगं बारा हमाल होते, मॅडम. त्यायलेबी लेकरं होती."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. "दोन दिवसांत कळवतो," म्हणाल्या, आणि पडदा काळा झाला.

नोकरीचं आताच सांगून टाकलेलं बरं, उगाच जीव टांगणीला नको. लागली नाही. का, ते कंपनीनं कळवलं नाही आणि दीपमालानंही विचारलं नाही. पण त्या दुपारी बापलेकीला हे कुठं ठाऊक होतं?

"बिघडवलो का मी तुयं?" तेजरामनं विचारलं.

"नाई, बाबा. मंग तुमची कंबर?"

"कंबर बरी हाय. खरं सांगतलो असतो तं तुयी माय मालकाच्या दारात जाऊन भांडली असती, अन् बाराही जनाचं काम गेलं असतं. कंबर गेली म्हनलो. एकदा म्हनलं, मंग ते निभवा लागलं."

दीपमालाला आईचे टोमणे आठवले, आणि स्वतःचेही. आईचे तरी परवडले. कॉलेजात मैत्रिणींनी विचारलं, तेव्हा ती हसून म्हणाली होती, आमचे बाबा आराम करतात. आता तिला लाज वाटली, आणि बापाची फार माया आली.

तेजराम छपरीत गेला. सदरा काढून घडी न मोडता खुंटीला टांगला. गुडघे वाकवून पोत्याची दोन्ही टोकं धरली आणि एका दमात ते पाठीवर घेतलं. उंबरा ओलांडून, चार पावलं चालून, त्यानं ते कोठीपाशी असं टेकवलं की बाजूला दाणे टिपणारी कोंबडीही दचकली नाही.

दिवस कलताना धुरपता आली. रिकाम्या छपरीकडे बघत तिनं विचारलं, "पोतं कोनं नेलन आत?"

"मी," तेजराम म्हणाला.

ती त्याच्याकडे बघतच राहिली. हातातला विळा खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.