दुसऱ्या भागाची पारख

माणिकरावांचे सहदेवराव, सहदेवरावांचा नीळकंठ आणि नीळकंठाचा गंधार. यातले दुसरे नाव माझ्या यजमानांचे. ते हयात असेपर्यंत मी ते कधी उच्चारले नाही; आता वंश सांगायचा म्हणून लिहिते आहे. गंधारच्या आधीच्या या तिन्ही पुरुषांनी खामगावच्या बाजारात कापसाची पारख केली. गाडी आली की वरचा कापूस ते पाहत नसत, कारण वर घातलेला कापूस चांगलाच असतो. बाही मागे सारून कोपरापर्यंत हात गाडीच्या पोटात घालायचा, आतली मूठ बाहेर काढायची, नखांत धागा ताणून पाहायचा आणि मग प्रत चारचौघांत मोठ्याने सांगायची. या सांगण्याला बाजारात 'बोल' म्हणत. माणिकरावांचा किंवा माझ्या यजमानांचा बोल फिरला, असे कोणी कधी ऐकले नाही.

तो फिरला नीळकंठाच्या हातून. बीटी कपाशीच्या बियाण्याची दुसरी पिढी बाजारात यायची होती. पहिल्या पिढीने लोकांना चार पैसे दाखवले होते, त्यामुळे दुसरीच्या नावाने वर्षभर आधीच डंका वाजत होता. एका बियाणे कंपनीच्या माणसांनी नीळकंठाला मोटारीतून नेऊन एक शेत दाखवले. ते ओलिताचे शेत होते. झाडे खालपासून वरपर्यंत बोंडांनी लगडलेली होती. मग पिंपळगाव राजा या गावी सभा ठेवली. "वडिलांचा कोट घालून जा," असे मीच त्याला सांगितले. घराला मान मिळतो आहे, एवढेच मला दिसत होते. नीळकंठ सभेत म्हणाला, हे वाण हलक्या, कोरडवाहू जमिनीतही असेच येईल. कोरडवाहू जमिनीतले एक झाडही त्याने पाहिलेले नव्हते.

फकीर मोहम्मद वीस वर्षे माझ्या यजमानांकडे कापूस आणणारे. त्यांनी त्या शब्दावर आठ एकर पेरले. नवरात्रापर्यंत पाने लाल करून वाळवणारा लाल्या रोग आला आणि शेत भाजल्यासारखे झाले. सहा एकर विकावे लागले. त्यांचा मुलगा कलीम दहावी करून सुरतेला कामाला गेला. फकीरभाई आमच्या दारात भांडायला आले नाहीत. ते यायचेच थांबले. नीळकंठाने त्यानंतर कापसाला हात लावला नाही. एका जिनिंगमध्ये तो कारकुनी करू लागला. फकीरभाईंशी आमचा पैशाचा व्यवहार नव्हता, म्हणून पैशाने फेडण्यासारखे काही नव्हते. एक खरा बोल तेवढा आमच्याकडून त्यांना येणे होता, आणि तो द्यायला घरात पारखी उरला नव्हता.

या गोष्टीला अकरा वर्षे झाली. गंधार तेवीस वर्षांचा झाला आणि संगणकावरच्या खेळांची पारख करू लागला. खेळायचे, मग इंटरनेटवर मराठीतून बोलून सांगायचे की खेळ घेण्याजोगा आहे की नाही. मला हे पोरखेळाचे वाटे. पण अकोल्यापासून लोणारपर्यंतची मुले त्याचे ऐकून खेळ घेतात, हे कळल्यावर मी बोलणे थांबवले.

त्या वर्षी अशाच एका खेळाचा दुसरा भाग यायचा होता. नाव इंग्रजी आणि लांबलचक. आमच्याकडे सगळे त्याला 'दुसरा भाग' म्हणत. पहिल्या भागात एका मृत ग्रहाभोवती फिरणाऱ्या मोडक्या अंतराळतळावर दोन शिपाई अडकलेले असतात. शत्रू चहूबाजूंनी येतात आणि दोघांत मिळून प्राणवायूची टाकी एकच. एक जण पुढे पळाला की दुसरा गुदमरतो. दोन मुले एकाच पडद्यासमोर खांद्याला खांदा लावून बसत, एकमेकांना शिव्या देत आणि एकमेकांना जगवत. सुरतेहून परतलेल्या कलीमने नांदुरा रोडवर मुलांनी तासाला पैसे देऊन खेळायचे, तीन यंत्रांचे दुकान टाकले होते, ते याच खेळावर चालले होते.

दुसऱ्या भागाची जाहिरात दोन वर्षे चालली. महाराष्ट्रात तो विकण्याचे काम पुण्याच्या एका कंपनीकडे होते. तिने गंधारला खेळ आठवडाभर आधी पाठवला, खेळण्यासाठी महागडे यंत्रही पाठवले, आणि पारख लोकांना आवडली तर पगारावर घेऊ, असे कळवले. सोमवारी गंधारची पारख रेकॉर्ड होऊन तयार होती. त्याच सकाळी कलीम घरी आला; खेळाच्या निमित्ताने गंधारशी त्याची दोस्ती जमली होती.

"सलाम, आजी."

"बस. चहा टाकते."

"टाका. गंधार, सरळ सांग बे. इसार घेऊ का नको घेऊ?"

"कसला इसार?" मी विचारले.

"उरलेल्या दोन एकराचा, आजी. शुक्रवारी गिऱ्हाईक येऊन राह्यलं. वावर इकतो अन् पाच नव्या मशिनी घेतो. पोरं रोज डोकं खाऊन राह्यले, दुसरा भाग कधी येते, दुसरा भाग कधी येते."

"तुझे अब्बा काय म्हणतात?"

कलीम हसला, पण ते हसणे खरे नव्हते. "अब्बा म्हणते, त्या घरच्यांले इचारून म्या पेरलं होतं, आता तू इचारून इक."

खोलीच्या दाराशी नीळकंठ उभा होता. त्याने हातातला पेला खिडकीत ठेवला आणि तो चपला न घालताच अंगणात गेला.

"घे बे, डोळे झाकून घे," गंधार म्हणाला. "पहिला भाग त्याच्यासमोर काहीच नाही. काचेचं शहर आहे, वरून उजेडाचा पाऊस पडते. बंदुकीचा धक्का हातात लागते!"

"किती खेळलास?" मी विचारले.

"सहा तास."

"सगळा खेळ किती तासांचा?"

"वीसेक."

"कोणत्या यंत्रावर खेळलास?"

"कंपनीनं पाठवलेल्या."

"तसले यंत्र कलीमच्या दुकानात आहे? तो घेणार आहे त्यांत तरी आहे?"

"नाही. पण आजी, सगळं जग चांगलं म्हणून राह्यलं."

"म्हणजे तूही ओलिताचे शेत पाहून आलास," मी म्हणाले.

गंधारचा चेहरा उतरला. लाल्याची गोष्ट आमच्या घरात कोणी बोलत नाही. पण ती ठाऊक नाही असे कोणी नाही. "उद्या सकाळी तो खेळ घेऊन कलीमच्या दुकानात जायचे," मी सांगितले. "त्याच्या यंत्रावर, त्याच्या विजेवर, शेवटपर्यंत खेळायचा. मी सोबत येईन."

"तुमी, दुकानात?" कलीम म्हणाला. "पोरं पळून जातीन, आजी."

"पळाली तर अभ्यास करतील."

मंगळवार ते गुरुवार, सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत, मी त्या दुकानात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. "आजी, बंदूक घेता का हाती?" कलीमने विचारले. "पन्नास वर्षे घरातले भाडेकरू सांभाळले आहेत," मी म्हणाले, "मला नेम शिकवू नकोस." त्या तीन दिवसांत तिथे एवढेच काय ते हसणे झाले.

काचेचे शहर मीही पाहिले. सुंदर होते, हे नाकारणार नाही. कलीमच्या यंत्रावर चित्र अडखळत होते, पण सुंदर होते. तिसऱ्या ग्रहापासून गंधारचे बोलणे कमी झाले. चौथ्यावर तेच शत्रू आले, फक्त हिरवे होऊन. पाचव्या ग्रहावर दुसऱ्याच ग्रहाचे डोंगर जांभळ्या रंगात उभे केले होते. गोष्ट कुठेतरी सुटून गेली होती. कोण कोणाला का मारतो आहे, हे गंधारलाही सांगता येईना. खेळाला इंटरनेट अखंड लागत होते. खामगावात वीज दिवसातून तीन वेळा जाते. ती गेली की चाळीस मिनिटांची लढाई पुसली जाई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

बुधवारी दुपारी गंधार म्हणाला, "कलीम, खेळायची दुसरी कांडी लाव. दोघं खेळू."

त्यांनी बराच वेळ शोधले. एका यंत्रावर दोघांनी खेळण्याची सोयच काढून टाकली होती. आता प्रत्येकाला स्वतःचे यंत्र, स्वतःचे कनेक्शन आणि स्वतःची कधीही न संपणारी टाकी.

"म्हणजे मंग माह्या दुकानात पोरं काऊन येतीन?" कलीमने विचारले. उत्तर त्यालाच ठाऊक होते.

गुरुवारी चार वाजता खेळ संपला. गंधारने आधीची पारख पुसली आणि तिथेच, यंत्रांच्या घरघरीत, नवी बोलून घेतली. मी शब्दाशब्दाने ऐकली. तो म्हणाला: बंदुकीचे काम पहिल्या भागाहून सरस आहे, आणि पहिले दोन ग्रह कोणीही विसरणार नाही. पण ज्या गोष्टीसाठी आपण दोन वर्षे थांबलो, ती यात नाही. पहिल्या भागात दुसऱ्याला सोडून पुढे जाता येत नव्हते. इथे दुसऱ्याची गरजच नाही. सुरुवातीच्या सहा तासांवर भुलू नका. मीही भुललो होतो. अपेक्षा पूर्ण होत नाही. यासाठी कोणी काही विकू नये.

पारख इंटरनेटवर चढली आणि संध्याकाळी पुण्याहून फोन आला. मी शेजारीच होते. पलीकडचा माणूस गोड बोलत होता. शेवटची दोन वाक्ये काढा, बाकी राहू द्या, एवढेच त्याचे म्हणणे होते. गंधारने माझ्याकडे पाहिले. मी पदर सारखा केला आणि दुसरीकडे पाहू लागले, कारण पारख त्याची होती.

"नाही काढत, सर," तो म्हणाला. "सांगून झालं."

मिळू घातलेली नोकरी गेली. ज्या मुलांनी दोन वर्षे वाट पाहिली होती, त्यांनी त्याला आईबहिणीवरून लिहिले. शुक्रवारी कलीमने गिऱ्हाईक परत पाठवले आणि तो घरी येऊन गंधारसमोर बसला.

"बरं केलं बे सांगितलं," तो म्हणाला. "पण आता मी काय करू, तेही सांग ना."

जुन्या खेळावर मुले किती दिवस येणार? महिन्याभरात तीनपैकी एक यंत्र कलीमने झाकून ठेवले. अकोल्याच्या दोन दुकानदारांनी नवी यंत्रे घेतली होती. ती तशीच विकायला काढल्याचे कानावर आले. त्याचा आनंद आमच्या घरात कोणाला झाला नाही.

डिसेंबरात फकीर मोहम्मद आले. अकरा वर्षांनी. दाढी पांढरी झाली होती आणि पायऱ्या चढताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. मी खुर्ची दिली.

"वहिनी, दोन एकरात नांगर घालून राह्यलो उद्या," ते म्हणाले. "औंदा गुलाबी अळीनं बोंडात काही ठेवलं नाही. पण वावर आहे. इकलं असतं तं अळीलेही खायाले नसतं."

नीळकंठ आतून बाहेर आला आणि त्यांच्यासमोर उभा राहिला. बसला नाही.

"फकीरभाई," तो म्हणाला, "त्या दिवशी सभेत बोललो, तेव्हा मी कोरडवाहू झाड एकही पाहिलं नव्हतं."

हे वाक्य या घरात प्रथमच उच्चारले गेले.

"मले ठाऊक होतं," फकीरभाई म्हणाले. "तुमच्या तोंडून यायचं राह्यलं होतं." मग त्यांनी गंधारला जवळ बोलावले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि नीळकंठाला म्हणाले, "तुमच्या घराकडून मले एक बोल येणं होता, भाऊ. पोरानं देला. सोताची रोजी घालून देला."

नीळकंठ आता त्यांच्यासमोर बसला. "काही बाकी राहिली का, फकीरभाई?" मीच विचारले.

"नाही, वहिनी," ते म्हणाले. "फिटलं."