वाट पाहण्याचा कोड

आमच्या ऑफिसात माणसाचा दिवस चिरून ठेवतात. अर्ध्या अर्ध्या तासाच्या फोडी करायच्या आणि प्रत्येक फोडीवर एक आकडा चिकटवायचा. झोप, स्वयंपाक, नोकरी, लेकरांचा अभ्यास, टीव्ही, सगळ्याला आकडा आहे. त्या आकड्याला म्हणायचं कोड, आणि तो टाकणाऱ्या आम्हा चौघींना म्हणायचं कोडवाल्या. पगार वेळेवर होतो, पंखा डोक्यावर आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती वेगळीच, आणि ती बोलून टाकल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

यंदा सरकारच्या डोक्यात आलं की नुसतं उत्पन्न मोजून भागत नाही. कारखान्यातून माल किती निघाला, माणसाच्या खिशात किती आले, हे सगळं झालं. पण माणूस सुखात आहे का? म्हणून 'सुखाची मोजणी' निघाली. कागदोपत्री तिचं नाव हातभर लांब आहे, पण साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे सुखाची मोजणीच म्हणतात. मला तर ऐकूनच बरं वाटलं. म्हटलं, चला, कुणी विचारतंय तरी.

बरं वाटायला कारण होतं. आमच्या वस्तीतल्या अर्ध्याअधिक घरांतले पुरुष लांब डोंगरात धरणाच्या कामावर आहेत. आमचे हेसुद्धा तिथेच, क्रेन चालवतात. पगार चांगला, त्यामुळे उत्पन्नाच्या तक्त्यात आमची वस्ती कायम वर. पण धरणावरून घरी यायला सरकारी बस महिन्यातून एकदाच. शनिवारी सकाळी येते, रविवारी दुपारी माणसं गोळा करून परत जाते. मग पुन्हा महिनाभर आपण आहोत आणि घराच्या भिंती आहेत.

तर आम्ही बायकांनी अर्ज केला होता, बस दर शनिवारी करा म्हणून. वरून उत्तर आलं, सुखाच्या मोजणीचे आकडे येऊ द्या, त्यावरून ठरवू. ठरवा की, म्हटलं! आकडे कशाला, आमची तोंडं बघितली तरी कळेल. महिन्यातून एकदा दिसणारे हे चारदा दिसतील, एवढ्याच गोष्टीवर माझा जीव टांगून राहिला होता. हसायचं असेल तर खुशाल हसा. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी मला हा माणूस पुरत नाही.

मोजणीवाली बाई आमच्याही घरी आली. मी ऑफिसातली, म्हणून माझी मुलाखत नको, घरातल्या दुसऱ्या कुणाची तरी घेते, म्हणाली. मग तिने आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना धरलं.

"काल जेवण झाल्यावर काय केलंत, आजी?"

"पायरीवर बसले."

"म्हणजे आराम?"

"आराम कसला डोंबलाचा! वाट पाहत होते. मुलाची."

"काल यायचा होता का मुलगा?"

"छे. अजून पंधरवडा आहे."

बाईचं पेन थांबलं. "मग काल कशी वाट पाहिलीत?"

"अगं, वाट काय तो यायच्या दिवशी पाहायची असते होय?" आई म्हणाल्या. "त्या दिवशी तर तो येतोच."

बाईने ते तसंच लिहून घेतलं. मी आतून चहा आणला, तो पिऊन ती पुढच्या घरी गेली.

पुढे हे सगळे कागद आमच्या टेबलावर येऊन पडले. आमच्या हेडना आम्ही पाठीमागे 'नियमावली' म्हणतो. माणूस पापभिरू, पण शिंक आली तरी आधी पान उघडून बघेल. वस्तीतला कागदामागून कागद तेच म्हणत होता. सकाळी डबा भरताना वाट पाहिली. कपडे वाळत घालून वाट पाहिली. दिवेलागणीला दारात उभी राहिले, वाट पाहत. आम्ही कोडची यादी खालवर केली. त्यात कोंबड्यांना दाणे टाकण्याला कोड होता, पण वाट पाहण्याला नव्हता.

नियमावलींनी पान उलटलं. "वाट पाहणं हे स्वतंत्र काम धरायचं नाही. ज्याची वाट पाहिली, त्याच्या खात्यात ते जमा. दवाखान्याच्या रांगेत बसलात, तर उपचार. दुकानाच्या रांगेत उभ्या राहिलात, तर खरेदी."

"आणि नवऱ्याची वाट पाहिली तर?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "नवरा म्हणजे कुटुंब. कुटुंबासोबत घालवलेला वेळ. तोच कोड टाका."

आम्ही चौघी अशा हसलो की शेजारणीचा चहा टेबलावर सांडला. "मग माझा संसार फारच जोरात चाललाय म्हणायचा, सर!" मी म्हटलं. नियमावली हसले नाहीत. त्यांनी आपल्या रुमालाने चहा पुसला आणि नियम आहे म्हणाले. मग काय, आम्ही टाकत गेलो तो कोड. घरी आल्यावर आईंना सांगितलं. मला वाटलं त्या हसून लोळतील, पण त्या नुसत्या मान हलवत म्हणाल्या, "बरोबरच आहे की त्यांचं."

निकाल लागला त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना चहा-बिस्किटं दिली. आमच्या वस्तीचा पहिला नंबर! मी हौसेने तक्ता हातात घेतला. उत्पन्न समाधानकारक. कौटुंबिक सहवास सर्वाधिक. सर्वाधिक! माझं बिस्किट कपातच बुडालं, मला ते काढायचं भान राहिलं नाही. आठवडा उलटायच्या आत अर्जाचं उत्तर आलं. सदर वस्तीत कुटुंबीयांचा सहवास मुळातच भरपूर असल्यामुळे जादा बसची आवश्यकता दिसून येत नाही.

डोक्यात नुसती तिडीक गेली. तशीच उठले आणि साहेबांच्या केबिनमध्ये शिरले.

"साहेब, भरपूर सहवास म्हणे! कुणाचा? दाराच्या कडीचा?"

साहेबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही. "बाई, प्रत्येक गावाला वेगळा नियम लावला तर तुलना कशी करायची? तुलना नाही तर मोजणी कशाला?"

"तुलना करा ना. पण नवरा आणि नवऱ्याची वाट, यांत काही फरक आहे का नाही?"

त्यांनी तक्ता स्वतःकडे ओढून घेतला. मग म्हणाले, "फेरतपासणी मागवतो. दहा घरांना एकच प्रश्न विचारू. बाहेरगावी कामाला असलेलं माणूस काल प्रत्यक्ष डोळ्यांसमोर होतं का? हो की नाही. 'नाही' जास्त आले, तर चूक झाली असं मी स्वतः वर लिहीन. मग तुमची बस कुणी अडवणार नाही."

घरं चिठ्ठ्या टाकून निवडली आणि त्यात आमचं घर निघालं. कुठल्याही सोडतीत माझं नाव निघायची ही पहिलीच वेळ. फेरतपासणीत ऑफिसातल्या माणसांनाही विचारलेलं चालतं. मी अशी खूश झाले की त्या दिवशी मी आईंशी एकदाही भांडले नाही. त्यांनी विचारलंसुद्धा, बरं नाही का म्हणून.

पण तपासणीची तारीख कळली आणि मी कपाळावर हात मारला. तपासणीवाली मुख्य कचेरीतून यायची होती. मुख्य कचेरी धरणाच्याही पलीकडे, आणि तिकडच्या माणसांना खर्च वाचावा म्हणून त्याच बसमध्ये बसवतात. म्हणजे ती शनिवारी यांच्याबरोबर येणार, आणि रविवारी आम्हाला विचारणार, काल माणूस डोळ्यांसमोर होतं का!

"अहो सर, महिन्यात तेवढा एकच दिवस ते घरी असतात!" मी नियमावलींपुढे हात जोडले. "दुसरा कुठलाही दिवस धरा."

"तपासणीचा प्रवास उपलब्ध सरकारी वाहनानेच," ते म्हणाले. पण हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. साहेब दौऱ्यावर गेले होते. झालं, विषय संपला.

चिठ्ठीत निघालेल्या घरांतल्या आम्ही बायका संध्याकाळी आमच्या पायरीवर जमलो आणि ठरवून टाकलं. सगळ्यांनी 'नाही' म्हणायचं. एकीला खोटं बोलायची भीती वाटत होती. "खोटं कसलं?" मी तिला म्हटलं. "उरलेल्या महिन्याचं खरंच आहे ते. एका दिवसासाठी अडून बसू नकोस." सगळ्यांना ते पटलं. सगळ्यांत आधी मलाच पटलं होतं.

शनिवारी हे आले. कानातसुद्धा सिमेंटची धूळ. आंघोळ केली, जेवले, गळका नळ दुरुस्त केला, आईंच्या चष्म्याची दांडी बसवून दिली आणि दुपारी तोंड उघडं टाकून ढाराढूर झोपले. मी शेजारी बसून त्यांच्या शर्टाचं बटण लावत होते. एका बटणाला लागतो किती वेळ? मी ते लावलं, उसवलं आणि पुन्हा लावलं. त्यांनी डोळे उघडले तर मी बघतेच आहे.

"काय बघतेस?"

"काही नाही. नळवाल्याला किती पैसे द्यायचे, विचार करतेय."

मग मी त्यांना आमचा बेत सांगितला. ते उशीवर मान टाकून हसले. "सांग की बिनधास्त नाही म्हणून. दर शनिवारी येईन. मग कंटाळशील."

"कंटाळून तरी बघू दे एकदा," मी म्हटलं. पुढे काही बोलले नाही, कारण बोलले असते तर रडले असते, आणि आदल्या महिन्यातला अर्धा दिवस असाच रडण्यात गेला होता.

रविवारी जेवणं उरकली आणि तपासणीवाली आली. माझ्याच वयाची बाई, बसच्या प्रवासाने पाय सुजलेले. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. हे समोरच पलंगावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होते, बॅग भरून दाराशी ठेवलेली. बाईने त्यांच्याकडे बघितलं, मग कागदाकडे बघितलं.

"घरातलं कुणी बाहेरगावी कामाला?"

"माझे मिस्टर. धरणावर."

"ते काल प्रत्यक्ष डोळ्यांसमोर होते का? हो की नाही?" मग तिने आवाज खाली आणला. "तुम्ही म्हणाल तेच मी लिहिणार, ताई. समोर कोण बसलंय, हे लिहायला कागदावर जागा नाही."

तिला सगळं कळलं होतं. यांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. म्हण. मीही तयार होते. आठवडाभर स्वयंपाकघरात पाठ केलेलं साधं 'नाही', दोन अक्षरं.

तोंड उघडलं आणि कालचा दिवस अख्खा समोर उभा राहिला. तो नळ, ते बटण, ते उघडं तोंड. महिनाभर ज्याच्यासाठी मरायचं तो एवढासा एक दिवस, आणि तो आलाच नाही म्हणून मीच लिहून द्यायचं? माझ्याच तोंडाने? बसची बस, चार शनिवारांचे चार शनिवार, सगळं मला दिसत होतं. पण तो शब्द काही केल्या बाहेर येईना.

"होते," मी म्हटलं. "सबंध दिवस होते हो. सबंध दिवस!" आणि मला रडू फुटलं.

हे नाडी हातात तशीच धरून बसले. रागावले नाहीत. उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला, आईंसमोर, परक्या बाईसमोर. इतक्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं त्यांनी.

बाईने 'हो'वर खूण केली. पाणी प्यायली आणि पदराने तोंड टिपत म्हणाली, "बाकीच्या नऊ घरांतही सगळ्यांनी हेच सांगितलं, ताई. एकीलाही नाही म्हणता आलं नाही."

म्हणजे आकडा पक्का झाला. त्यात आता कुणी हात घालणार नाही.

दुपारी मी स्टॉपपर्यंत गेले. यांनी त्या बाईची बॅगसुद्धा वर ठेवून दिली. बस सुटताना खिडकीतून ओरडले, "त्या शर्टाचं दुसरं बटणही सैल झालंय गं! पुढच्या वेळी!" मी मान डोलावली. बस वळणाआड जाईपर्यंत थांबले, आणि नंतरही जरा थांबले.

घरी आले तर आई पायरीवर जाऊन बसलेल्या.

"काय हे, आई? गाडी आत्ता तर गेली. उन्हात काय करताय?"

"तुमच्या ऑफिसात काय म्हणतात ते?" त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "मुलासोबत आहे." आणि थोड्या बाजूला सरकल्या.

मी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.