रंगवलेले गोटे

"मर्डक, कोपऱ्यातलं फूल राहिलं बघ!"

एफीनं खुर्चीतूनच हुकूम सोडला. वाफ्यात गुडघे टेकलेल्या मर्डकनं स्ट्रॉबेरीचं पांढरं फूल नखानं खुडलं. केप ब्रेटन बेटावरच्या धुक्यातून उभा जन्म शाळेची बस हाकलेला माणूस. पोरांच्या कालव्याला कधी बधला नाही, पण बायकोच्या या एका आवाजापुढे मुकाट.

"पहिल्या वर्षी फळ धरू द्यायचं नाही. मुळं पोसू देत. पुढच्या वर्षी टोपली भरून खा."

पुढच्या वर्षी! हिवाळ्यात एफीचं हृदय थकलं होतं. डॉक्टर पुढच्या वर्षाचं नाव टाळत बोलले. घरी येताच तिनं हा नवा वाफा करायला लावला.

मर्डकनं तिच्याकडे पाठ केली आणि कुंपणाजवळचं एक फूल हळूच पानाआड दडवलं. एक तरी फळ यंदाच तिच्या जिभेवर पडू दे.

दुसऱ्या दिवशी एफी गोटे लाल रंगवत बसली. पाखरांनी फळ समजून चोच मारावी, दगड लागावा, नाद सोडावा. गावातली जुनी युक्ती.

"अगं, वाफ्यात फळ नाही नि राखण कसली?"

"पाखरांना आत्तापासून शिकवते. तुझ्यासारखीच असतात, उशिरा समजतं त्यांना."

काठी टेकत जाऊन तिनं गोटे स्वतःच मांडले. त्याला हात लावू दिला नाही.

जुलैत ते एक फळ पिकलं. मर्डकनं चहाबरोबर बशी पुढे सरकवली.

"हे काय?"

"एक फूल... नजरेतून सुटलं."

"धुक्यात वळणावरचा ससा दिसायचा तुला!" तिनं फळ तोंडात टाकलं, डोळे मिटले. मग म्हणाली, "लबाडा, तो पायरीजवळचा मोठा गोटा आण. रंग उडालाय त्याचा."

मर्डक वाकला. पान बाजूला केलं, गोटा धरला. गोटा बोटांत दबला. मऊ, उन्हानं कोमट. गोटा कसला, पिकलेली स्ट्रॉबेरी!

मागे एफी खांदे हलवत हसत होती.

"एफी! तूसुद्धा?"

"मला पुढच्या वर्षाचा भरवसा आहे रे. तुलाच दम निघायचा नाही, म्हटलं."

बशीत दोन हिरवे देठ उरले.

"गोटे उचलून ठेव," ती म्हणाली. "लागतील."

मर्डकनं बसच्या दिवसांतला जेवणाचा डबा काढला, आणि एकेक गोटा पुसून, अंडी ठेवावीत तसा, आत ठेवला.