पहिल्या नाक्याचा कागद

हारुन परकारला नीटनेटकेपणाचा रोग होता. रोगच म्हणायचा, कारण शेवटी त्याने एक माणूस खाल्ला. जुमेरा लेक टॉवर्समधल्या त्याच्या केबिनमध्ये फायली रंगांप्रमाणे लावलेल्या असत, आणि कुणी स्टेपलची पिन तिरकी मारली की हा गृहस्थ ती नखाने उचकटून पुन्हा सरळ मारायचा. रत्नागिरीत आईने याला लहानपणी मातीत खेळू दिलं असतं, तर पुढचं बरंच टळलं असतं.

त्याची कंपनी हॉस्पिटलांचे जनरेटर बसवायची आणि दुरुस्त करायची. अमिरातीत तर होतंच काम, शिवाय समुद्रापलीकडच्या एका देशातही होतं. त्या देशाला ऑफिसात ‘साइट थ्री’ म्हणत. खरं नाव घेतलं की इन्शुरन्सवाल्यांच्या पोटात गोळा येई. तिथलं सरकार बारा वर्षांपूर्वी बुडालं ते बुडालंच. झेंडा उरला होता, पण पोलीस नाही, कोर्ट नाही, आणि गोळी लागली तर फिर्याद करायला दार नाही. हॉस्पिटलपासून बंदरापर्यंत एकशेचाळीस किलोमीटरचा एकच रस्ता, त्यावर तीन नाके आणि तीन टोळ्या. तिन्ही एकमेकींच्या रक्ताला तहानलेल्या. प्रत्येकीचं परवानगीपत्र वेगळं, शिक्का वेगळा. एकीच्या नाक्यावर दुसरीचा शिक्का सापडला, की तुम्ही शत्रूचे हेर. मग विषय संपला.

हारुनच्या आधी हे टेबल वसईच्या अल्बर्टकडे होतं. त्याने अकरा वर्षं एकच पद्धत चालवली: नाका ओलांडला की कागद खलास. तिथला ड्रायव्हर खैरुद्दीन, त्याच देशातला, पन्नाशीचा, कंपनीच्या लोकांकडून हिंदी शिकलेला, मुलखाचा थट्टेखोर माणूस. तो कागद फाडायचाही नाही. चावून चावून थर्मासमधल्या चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकायचा. अल्बर्टने आपल्या निरोपाच्या पार्टीत हे साभिनय करून दाखवलं, तेव्हा सगळे पोट धरून हसले. हारुन तेवढा हसला नाही. कंपनीचे सहीशिक्क्याचे कागद ड्रायव्हरच्या पोटात जातात, हे त्याने तिथल्या तिथे डायरीत टिपून घेतलं.

महिन्याभरात त्याचा ईमेल गेला: सर्व परवानग्यांच्या ओरिजिनल प्रती ऑडिटसाठी परत आणाव्यात. सोबत निळे प्लास्टिकचे फोल्डरही गेले.

खैरुद्दीनचा फोन आला. "मुदीर साहब, कागज मेरे पेट में सेफ है. ऑडिटवाले को बोलो, एक्स-रे निकाल ले."

मुदीर म्हणजे मॅनेजर. मुदीर साहेबांना विनोद कळला नाही. "रूल इज रूल, खैरुद्दीन," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या खेपेला पलीकडे गेला होता नोमान, हारुनच्या धाकट्या बहिणीचा, रशीदाचा नवरा. त्याला कंपनीत इंजिनियर म्हणून हारुननेच चिकटवलं होतं. रशीदा अबुधाबीत एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती, दोघं रीम आयलंडवर राहायची. "भाई, त्याला तिथे नको ना पाठवूस," ती रडकुंडीला येऊन म्हणाली होती. त्यावर हारुन म्हणाला, "चार दिवसांचं काम आहे. माझी जबाबदारी." परतीच्या दिवशी तिने सुट्टी टाकली आणि सकाळीच येऊन भावाच्या केबिनमध्ये बसली. सोबत डब्यात नोमानसाठी सांदण आणलं होतं. तो तिच्या हाती यायला अजून दोन दिवस होते, पण बायकांचा जीव असा हिशेब पाहत नाही.

अकराला नोमानचा फोन आला. आवाज खुशीत होता. "भाई, पहिला नाका झाला. हा खैरुद्दीन कागद खायलाच निघाला होता, मी तोंडातून काढून घेतला म्हणा ना! तुमच्या निळ्या फोल्डरमध्ये घालून डॅशबोर्डात ठेवलाय."

"शाब्बास," हारुन म्हणाला.

हा शब्द पुढे त्याच्या कानात किती वेळा वाजला, ते त्याचं तोच जाणे.

पाऊण तासाने नोमानच्या नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर चेहरा मात्र भलत्याच माणसाचा होता. दाढी विरळ, गळ्यात रिकामं निळं फोल्डर दोरीने अडकवलेलं. त्याने फोन फिरवला. रस्त्याकडेच्या धुळीत नोमान गुडघ्यांवर होता. ओठ फाटून हनुवटीवरून रक्त गळत होतं. शेजारी खैरुद्दीन, हात मागे वायरने बांधलेले, एक डोळा सुजून पार मिटलेला, पुढ्यात धुळीत तो कागद. कुणीतरी बंदुकीचा दस्ता त्याच्या बरगड्यांत घातला. हाड मोडल्याचा आवाज एकतिसाव्या मजल्यावर, एसीच्या गारव्यात, स्पष्ट ऐकू आला.

रशीदा किंचाळली. हारुनने तिच्या तोंडावर हात दाबला.

"हबीबी, तुम मुदीर?" तो माणूस हिंदीत बोलत होता, आखातात राहून शिकलेली हिंदी. "गाडी में दुश्मन का कागज मिला. बात सीधी है. तुम्हारा इंजिनियर बोलता, कंपनी का रूल है, कागज वापस लाने का. ड्रायव्हर भी यही बोलता. तुम बोलो. कंपनी ने बोला था?"

ईमेल समोरच्या स्क्रीनवर उघडाच होता, त्याच्या नावानिशी. हो म्हणायचं होतं, बस्स. पण याची बुद्धी नको तिथे धावली. हो म्हटलं तर कंपनीच शत्रूचे कागद गोळा करते असं होईल. मग दोघंही हेर आणि नोमानही गेला. नाही म्हटलं, तर दोष एकावरच येईल. गाडी ड्रायव्हरची, डॅशबोर्ड ड्रायव्हरचा. एवढा विचार त्याने केला, आणि त्यात आपली नोकरीही मोजली. तेही सांगायलाच हवं.

"साहब," खैरुद्दीन उरल्या डोळ्याने फोनकडे बघत म्हणाला, "ईमेल बोलो. ईमेल का बोलो ना."

दस्ता पुन्हा बसला. या वेळी नोमानच्या जबड्यावर. दोन दात रक्ताबरोबर धुळीत पडले. रशीदाने भावाचं मनगट इतकं आवळलं की नखं रुतली. "भाई, काहीही सांग! त्याला सोडव!"

"कंपनी का ऐसा कोई रूल नहीं," हारुन म्हणाला. "ड्रायव्हर से पूछो."

नोमानने मान वर केली. त्याला बोलायचं होतं, पण तोंड चालेना. खैरुद्दीन मात्र हसला. रागावला नाही, शिव्या दिल्या नाहीत, नुसता हसला. अकरा वर्षं कागद गिळून जगलेला माणूस तो. एकदाच गिळला नाही, तेही वरिष्ठांचा मान राखायला.

त्या माणसाने पिस्तूल काढलं आणि खैरुद्दीनच्या कानामागे टेकवलं. गोळीने डोक्याची एक बाजू उडाली. तो पुढे पडला, तसं फोनच्या काचेवर लाल शिंतोडे आले. बराच वेळ पाय झाडत राहिला, म्हणून त्या माणसाने आणखी एक गोळी छातीत घातली. मग काच बाहीने पुसली आणि चेहरा पुन्हा समोर आणला.

"इंजिनियर को छोड़ता हूँ," तो म्हणाला. "पर एक बात सुनो, मुदीर. मैं शारजा में नौ साल ऑफिस बॉय था. तुम लोग का कागज का पागलपन मालूम है मुझे. रूल है बोलते, तो दोनों को एक-एक थप्पड़ मार के छोड़ देता. यल्ला, सलाम."

कॉल कट झाला. रशीदाने हारुनचा हात डोळ्यांना लावला आणि ढसाढसा रडत म्हणाली, "भाई, तू वाचवलंस त्याला." हारुनने तो हात काढून घेतला नाही. माणूस एवढा हलकट होऊ शकतो.

नोमान नऊ दिवसांनी परतला. घरी जाऊन आंघोळ केली, एक दिवस झोपला आणि दुसऱ्या दिवशी रीमवरून गाडी हाकत थेट ऑफिसात आला. हारुन "नोमान, अल्हमदुलिल्ला!" म्हणत उठला, हात पसरून पुढे झाला. नोमानने त्याची मान धरली आणि तोंड टेबलावर आपटलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. नाकाचं हाड मोडलं. रक्त रंगांप्रमाणे लावलेल्या फायलींवर उडालं. बाहेरचे लोक काचेशी जमले, पण आत यायची कुणाची छाती झाली नाही.

मग नोमानने खिशातून घडी केलेला कागद काढला. पहिल्या नाक्याचा. अर्धा कागद काळपट तपकिरी होऊन कडक झाला होता, शिक्का मात्र स्वच्छ दिसत होता.

"त्यांनीच दिला, तुमच्यासाठी," नोमान म्हणाला. दात नसल्याने शब्द फुसफुसत होते. "खैरुद्दीन त्याच्यावर पडला होता. ओरिजिनल आहे, भाई. फाइलला लावा."

"नोमान, मी तुझ्यासाठीच..."

"फाइलला लावा."

हारुनने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं, पंचिंग मशीन ओढलं आणि कागदाला दोन भोकं पाडली. भोकं सरळ पडली. साइट थ्रीची निळी फाइल काढून त्याने कागद तारखेप्रमाणे लावला. ते होईस्तोवर नोमान उभा होता. मग तो गेला. त्यानंतर तो किंवा रशीदा, दोघांनीही हारुनच्या घरची पायरी चढली नाही.

मार्चमध्ये ऑडिट झालं. फियोना नावाची ऑडिटर दोन दिवस फायली चाळत बसली. साइट थ्रीच्या फाइलशी तिचं बोट थांबलं.

"हा डाग कसला? चहा सांडला का?"

हारुनने कागदाकडे पाहिलं. खरं सांगायची ही दुसरी संधी होती, आणि इथे तर कुणाच्या हातात बंदूकही नव्हती.

"हो," तो म्हणाला. "ड्रायव्हरकडून सांडला."

फियोनाने ओरिजिनल मिळाल्याची खूण केली आणि पान उलटलं.