डिंक लावलेली दोन पानं

मी स्वतःच एक प्रेमकथा आहे आणि बोलतेय. आवाज जरा दबका येईल, कारण मला कपाटात पालथं ठेवलंय आणि माझ्या पाठीवर दोन जाडजूड चरित्रं आहेत. पालथं ठेवायचं कारण माझं मुखपृष्ठ. त्यावर एक तरुणी लाकडी फाटकाला टेकून उभी आहे, तिचा स्कार्फ वाऱ्यावर उडतोय आणि लांबून एक देखणा तरुण चालत येतोय. माझ्या गोष्टीत फाटक कुठेही नाही. छापणाऱ्यांकडे चित्र तयार होतं, त्यांनी लावून टाकलं. माझ्या सख्ख्या-चुलत बहिणींच्या अंगावरही हेच फाटक आहे, फक्त स्कार्फचा रंग तेवढा वेगळा. कोणी मला हातात घेतलं की मला आधी त्या फाटकाचीच लाज वाटते.

माझी गोष्ट तशी साधी. एक बेकरीवाली असते, देवावर गाढ विश्वास असलेली. तिथे गुरांचा एक डॉक्टर येतो, स्वभावाने चांगला, पण देवावर रुसलेला. ती त्याच्यासाठी प्रार्थना करत राहते, तो रोज पाव न्यायला येत राहतो. एकटा माणूस एवढ्या पावांचं करतो काय, हे लेखिकेने कुठेच सांगितलेलं नाही. शेवटी तो चर्चमध्ये गुडघे टेकतो आणि लगेच लग्न. आमच्यासारख्या कथांत प्रेम आणि श्रद्धा एकाच गाडीने येतात आणि गाडी कधी चुकत नाही.

चर्चच्या मागच्या खोलीत तिथे येणाऱ्या मंडळीचं छोटं ग्रंथालय आहे. ते मावशी सांभाळते. सगळे तिला मावशीच म्हणतात, उपासना चालवणारे पाळकसुद्धा. नवीन पुस्तक आलं की ती स्वतः अथपासून इतिपर्यंत वाचते, मगच कपाटात लावते. कानावर पेन्सिल, समोर डिंकाची बाटली. मला वाचताना ती एका जागी थांबली, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग तिने समोरासमोरची ती दोन पानं डिंकाने चिकटवून टाकली आणि वर चरित्र ठेवून दाबली.

तेव्हापासून माझी अब्रू गेली ती गेलीच. तरुण मंडळी मला घ्यायची ती त्या पानांसाठी. खिडकीशी नेऊन उजेडात धरायची, एकमेकांना कोपर मारायची. "काहीतरी जबरदस्त असणार बघ," म्हणायची. मी अशी उजेडात उघडी धरलेली, आणि मला तोंड लपवायला जागा नाही.

सांगूनच टाकते. त्या पानांत चुंबन नाही. चुंबन पुढे आहे, कपाळावरचं, आणि त्याच्या शेजारी मावशीने पेन्सिलीने 'चालेल' असं लिहिलंय.

त्या पानांत बेकरीवाली भट्टीजवळ बसून डॉक्टरला सांगते, की मी तुझ्यासाठी रोज प्रार्थना करते म्हणते ना, ते खोटं आहे. पलीकडे कोणी ऐकतंय असं मला कितीतरी दिवसांत वाटलेलं नाही. मी नुसते ओठ हलवते. बस, एवढंच. माझ्यातली तेवढीच दोन पानं लेखिकेने कोणाला खूश करायला लिहिलेली नाहीत, असं मला वाटतं. आणि तीच बंद होती.

मावशीच्या भाचीने मला नेलं ते उजेडात धरायला नव्हे. ती कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानात कामाला होती, वाफेच्या मोठ्या इस्त्रीवर. चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत उभी राहायची. तिचं लग्न ठरलं होतं, दुकानाच्याच इमारतीतली लिफ्ट दुरुस्त करायला येणाऱ्या मुलाशी. हा लिफ्टवाला आधी कशालाच न मानणारा. हिच्या ओढीने चर्चमध्ये आला, मागच्या बाकावर बसायला लागला, आणि आदल्या वर्षी त्याने बाप्तिस्मा घेतला. जो भेटेल त्याला सांगायचा, "हिचा विश्वास बघून आलो मी."

दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती मला उघडायची आणि बेकरीवालीशी बोलायची. "बाई गं, तुला कसं जमतं हे? बाबा गेल्यापासून माझ्या तोंडून शब्द येतात, पण आत काहीच नाही. तो मला केवढी मोठी समजतो. ती मी नाहीच, हे कळल्यावर काय करेल तो?" असं म्हणून ती शरमेने इकडेतिकडे बघायची. हँगरला लटकलेल्या कोटांशिवाय तिथे कोणी नसायचं. मला उत्तर देता येत नव्हतं. उत्तर माझ्या पोटात होतं, डिंकाखाली.

पण भाचीची नजर कामाने तयार झालेली. चिकटलेल्या पानांपुढच्या पानावर बेकरीवाली डॉक्टरची माफी मागते, 'काल तुला जे सांगितलं त्यानंतर तू येशील असं वाटलं नव्हतं' म्हणते. भाची तिथेच अडली. "चुंबनाची अशी माफी कोण मागतं?" ती पुटपुटली. मग तिने इस्त्रीची वाफ सोडली आणि मला लांबून, जपून धरलं. पानं हळूहळू सुटली. काही अक्षरं समोरच्या पानाला चिकटून गेली, ती तिने अंदाजाने जुळवली.

वाचून झाल्यावर ती खुर्चीत बसली ती उठेचना. मग उठून एक शर्ट तिने तीनदा त्याच घडीवर दाबला. तेवढ्यात अवजारांची पिशवी खांद्याला लावून लिफ्टवाला आला.

लग्नाआधी तीन रविवार पाळक दोघांची नावं सगळ्यांसमोर वाचतात आणि कोणाची हरकत आहे का म्हणून विचारतात. त्यातले दोन रविवार झाले होते.

"पाळकांनी दोनदा विचारलं ना, कोणाची हरकत आहे का," भाची म्हणाली. "माझी आहे."

तो हसला. "आता काय उपयोग? मी सुटाचं कापड घेतलं."

"थट्टा नको करूस. हे वाच आधी."

त्याने उभ्याउभ्या ती दोन पानं वाचली. "कोण ही?"

"ती बेकरीवाली. ओठ हलवणारी मी आहे."

"कधीपासून?"

"बाबा गेल्यापासून."

त्याने हिशेब केलेला मला दिसला. "म्हणजे माझ्या बाप्तिस्म्याच्या वेळीसुद्धा? तू तर पहिल्या बाकावर रडत होतीस!"

"रडत होते. तुला मिळत होतं आणि माझं गेलं होतं, म्हणून."

"मी सगळ्यांना सांगत फिरलो, हिच्याकडे बघून आलो म्हणून. आता काय सांगू? दोन वर्षं मी मागून कोणाकडे बघत होतो?"

याच्या पुढच्या पानावर माझा डॉक्टर अर्धं पान भरून बोलतो. क्षमा, चांदणं, ईश्वराची योजना, सगळं एका दमात. त्या क्षणी मला त्या भाषणाची एवढी लाज वाटली की विचारू नका. खऱ्या माणसाने पिशवी उचलली आणि तो निघून गेला. लिफ्ट त्यानेच दुरुस्त केली होती, तरी जिन्याने उतरला.

रविवारी भाची गाणाऱ्यांत उभी राहिली नाही. शेवटच्या बाकावर बसली, मी तिच्या पिशवीत. पाळकांनी तिसऱ्यांदा नावं वाचली आणि विचारलं, "कोणाची काही हरकत?" तिने बाकाची कड पकडली. ती उठायला लागली होती. आता सगळ्यांसमोर सगळं बाहेर येणार, म्हणून मी पिशवीत अंग चोरून घेतलं.

तेवढ्यात कोणीतरी तिची बाही ओढून तिला खाली बसवलं.

"बस खाली," लिफ्टवाला कुजबुजला. तो उशिरा आला होता आणि धापा टाकत होता. "मी अजून चिडलेलो आहे. पण लग्न मोड म्हणालो का मी?"

"मला आतून अजूनही काही येत नाही रे. पुढे येईल की नाही, माहीत नाही."

"नको येऊ दे. तुझ्या वाटची प्रार्थना मी म्हणतो. तू नुसती शेजारी बस. पण ओठ हलवायचे नाहीत. ते मला चालणार नाही."

मग सगळे गीतासाठी उभे राहिले. लिफ्टवाला दोघांच्या वाटचं गायला, म्हणजे दुप्पट बेसूर. पुढच्या बाकावरची म्हातारी वळून बघायला लागली. भाची तोंड मिटून उभी होती आणि तिचे डोळे वाहत होते.

उपासना संपल्यावर ती मला परत द्यायला मागच्या खोलीत गेली. मावशीने मला उघडलं आणि तिचा हात थांबला.

"ही कोणी उघडली?"

"मी. वाफेवर."

"अगं, मुद्दाम बंद केली होती. वाचून एखाद्याच्या मनात नको ते यायचं."

"माझ्या मनात ते आधीच आलं होतं, मावशी."

मावशीने मला खाली ठेवलं. "मग मला सांगायचंस ना गं."

"तुला सांगितलं असतं तर तू मलाही डिंक लावला असतास."

मावशीने डिंकाच्या बाटलीचं झाकण लावलं. ते आधीच लावलेलं होतं.

आता भाचीचं लग्न होऊन बरेच दिवस झाले. तिचं गेलेलं परत आलेलं नाही. लिफ्टवाला अजून दोघांचं म्हणतो, आणि काही दिवस कंटाळतो, तेव्हा दोघं नुसती बसतात. माझ्या शेवटच्या प्रकरणात मात्र सूर्य उगवतो आणि बेकरीवालीला एका पानात सगळं परत मिळतं. फाटकाची लाज आताशा कमी झालीय. त्या सूर्योदयाची मात्र वाटते. मला नेलंत तर तेवढं प्रकरण वाचू नका, एवढीच विनंती.

वाफेमुळे ती दोन पानं वाकडी झाली आहेत, त्यामुळे मी नीट मिटत नाही. मावशीने पुन्हा डिंक लावला नाही. पण सगळे गेले की ती कधीकधी चरित्रं बाजूला करते, मला तिथेच उघडते आणि उभ्याने वाचते. मग डोळे मिटून बसते. बराच वेळ बसते, पण तिचे ओठ हलत नाहीत.

बाहेर चपला वाजताहेत, तीच असणार. मी आता बोलणं थांबवते आणि तुम्हीही जरा बाहेर जा. आपल्याला कोणी पाहिलं तर काय वाटतं, ते माझ्याइतकं कोणाला माहीत?